गॅलॉडेटचा उन्हाळा: इंटरप्रिटिंग शिकणाऱ्यांनी परदेशी जावं का?

मैत्रेयी_ठाणे

माझ्या विपूत, म्हणजे विचारपुशीच्या पानावर, बऱ्याच जणींनी गॅलॉडेटबद्दल विचारलंय. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते. मी मुंबईत डिसली करतेय, म्हणजे भारतीय साइन लँग्वेजच्या (आयएसएलच्या) इंटरप्रिटेशनचा, खुणांच्या भाषेतल्या दुभाषेपणाचा, दोन वर्षांचा डिप्लोमा. गेल्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या डेफ, म्हणजे कर्णबधिर, लोकांच्या विद्यापीठात एएसएलच्या, म्हणजे अमेरिकन साइन लँग्वेजच्या वर्गांना बसले आणि इंटरप्रिटेशन विभागात जेवढं बघू दिलं तेवढं बघून आले.

माझं मत आधीच सांगून टाकते. आयएसएल पक्की नसेल तर जाऊ नका. तिथली भाषा इथे चालत नाही, आणि दोन कच्च्या भाषा घेऊन कोणाचंच काम होत नाही. तिथे जाऊन बघायचं ते हे, की इंटरप्रिटर कोण बोलावतं, तो कुठे उभा राहतो, त्याचे पैसे कोण देतं आणि काम नीट झालं नाही तर तक्रार कोणाकडे जाते. या सगळ्याची उत्तरं तिथल्या डेफ लोकांनी भांडून मिळवली आहेत. ती पुस्तकातून कळतात, पण चार दिवस त्यांच्यात वावरल्यावर पटतात.

गॅलॉडेट १८६४ चं. लिंकनने सही करून पदव्या देण्याचा अधिकार दिला. पण त्यानंतर १२४ वर्षं तिथला प्रत्येक अध्यक्ष ऐकू येणारा होता. मार्च १९८८ मध्ये दोन डेफ उमेदवार अंतिम यादीत असताना विश्वस्तांनी एलिझाबेथ झिन्सर यांना निवडलं. त्यांना ऐकू येत होतं आणि साइन येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली, विद्यापीठ बंद पाडलं, मोर्चा काढून कॅपिटलपर्यंत, म्हणजे अमेरिकी संसदेपर्यंत गेले. आठवड्याभरात झिन्सर यांनी राजीनामा दिला आणि आय. किंग जॉर्डन पहिले डेफ अध्यक्ष झाले. विश्वस्त मंडळात डेफ लोकांचं बहुमत असावं ही मागणीही मान्य झाली. याचा इंटरप्रिटिंगशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की तिथले विद्यार्थी इंटरप्रिटरकडे मदतनीस म्हणून बघत नाहीत. आपल्याकडे अजून 'ताई, तुम्ही होतात म्हणून बरं झालं' असा सूर असतो. तिथे पुढच्या वेळी हा इंटरप्रिटर नको, असं सरळ सांगतात आणि तसं सांगण्यात कोणाला संकोच वाटत नाही.

आवारात शिरल्यावर तोंडाने बोलायचं नाही. नियम म्हणून पाटी लावलेली नाही, पण डेफ माणसासमोर दोन ऐकू येणाऱ्यांनी साइन न करता बोलणं उद्धटपणाचं समजतात. पहिले काही दिवस डोळे इतके दुखतात की रात्री पुस्तक उघडवत नाही. आपण कानावर किती विसंबून असतो ते तिथे कळतं. मागून कोणी हाक मारत नाही, तर खांद्यावर थाप मारतात, जमिनीवर पाय आपटतात, नाहीतर दिवा उघडमीट करतात. दोघं साइनमध्ये बोलत असतील तर मधून जाताना थांबून सॉरी-सॉरी करायचं नाही. सरळ निघून जायचं. थांबलात तर त्यांचं बोलणं जास्त तुटतं.

२००८ साली उघडलेली सोरेन्सन सेंटरची इमारत अवश्य बघा. चालता चालता साइन करणाऱ्या दोघांची नजर एकमेकांच्या हातांवर असते, म्हणून रस्ते आणि कॉरिडॉर रुंद, दारं आपोआप सरकणारी, कोपऱ्यावर समोरून येणारा माणूस आधीच दिसेल अशी काच. डेफस्पेस म्हणतात त्या विचाराला. आपल्याकडच्या कर्णबधिर शाळांच्या अंधाऱ्या, चिंचोळ्या व्हरांड्यांमध्ये मुलं भिंतीला चिकटून, मान वळवून बोलताना मी पाहिली आहेत, त्यामुळे मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

वर्गातला एक प्रसंग सविस्तर लिहिते, कारण तो आपल्या लोकांना फार लागू आहे. दवाखान्याचा सराव चालला होता. शिकवणारे सर डेफ, तेच पेशंट झालेले. एक विद्यार्थिनी डॉक्टर, दुसरी इंटरप्रिटर. इंटरप्रिटरने डॉक्टरच्या बाजूला, किंचित मागे बसायचं, म्हणजे पेशंटला डॉक्टरचा चेहरा आणि इंटरप्रिटरचे हात एकाच नजरेत दिसतात. डॉक्टरने विचारलं, या औषधाची तुम्हाला कधी ॲलर्जी आली होती का? सर साइनमध्ये सांगायला लागले आणि इंटरप्रिटर मुलगी 'कळतंय, पुढे सांगा' अशा अर्थाने मान हलवत राहिली. डॉक्टर झालेल्या मुलीने कागदावर 'हो' लिहून टाकलं. सरांनी तिथेच थांबवलं. पेशंटचं उत्तर 'नाही' होतं! मान इंटरप्रिटरने हलवली आणि ती पेशंटची समजली गेली. खऱ्या दवाखान्यात त्या एका 'हो'मुळे माणसाला हवं ते औषध मिळालं नसतं. आपण मराठी माणसं तर ऐकताना सारखीच मान डोलावतो. त्या दिवसापासून मी घरी फोनवर बोलतानाही मान स्थिर ठेवायचा सराव करतेय.

विचारा काय विचारायचं ते.

सह्याद्रीवेडा

सुंदर धागा. बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतोच. खुणांची भाषा जगभर एकच नसते का? लहानपणी दूरदर्शनवर रविवारी कर्णबधिरांच्या बातम्या लागायच्या. ते हातवारे बघून मला वाटायचं की हे जपानमध्येही कळत असेल.

मैत्रेयी_ठाणे

सह्याद्रीवेडा, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, बहुतेकांना असंच वाटतं. जिथे डेफ माणसं एकत्र आली तिथे त्यांची भाषा घडली, म्हणून ती ठिकठिकाणी वेगळी. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण एएसएल आणि बीएसएल, म्हणजे ब्रिटिश साइन लँग्वेज, एकमेकींना कळत नाहीत. कारण इतिहासात आहे. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते थॉमस गॅलॉडेट युरोपात शिकायला गेले होते. त्यांनी पॅरिसच्या शाळेतून लॉराँ क्लेर्क या डेफ शिक्षकाला सोबत आणलं आणि १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा काढली. त्यामुळे एएसएलचं नातं फ्रेंच साइनशी. इंग्रजी अक्षरं दाखवायला तिथे एक हात पुरतो. आपण आणि ब्रिटिश दोन्ही हात वापरतो.

वाक्याची घडणही वेगळी. आयएसएलमध्ये प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, आणि काय, कोण, कुठे यांसाठी मूळ खूण बहुधा एकच, बाकीचं संदर्भावरून आणि जोडीच्या खुणेवरून. मराठी माणसाला हे सोपं जातं. एएसएलमध्ये भुवयांकडे फार लक्ष द्यावं लागतं. हो-नाहीच्या प्रश्नाला भुवया वर, काय-कोणच्या प्रश्नाला खाली. हात बरोबर आणि भुवया चुकीच्या, तर प्रश्नच उरत नाही.

स्कॉटलंडवासी

उत्तम लिहिलं आहेस. पण मला कळत नाही, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सारखं अमेरिकाच का दिसते? इकडे एडिनबराला हेरियट-वॉटमध्ये बीएसएल इंटरप्रिटिंगची पूर्ण पदवी आहे. स्कॉटलंडने २०१५ मध्ये बीएसएलचा कायदा केला, आणि मग २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी मिळून वेगळा कायदा झाला. प्रेस्टनच्या सेंट्रल लँकेशर विद्यापीठात तर आयएसएलवरच संशोधन झालंय, उल्रिके झेशान यांचं. दोन हातांची मुळाक्षरं असल्यामुळे भारतातून येणाऱ्याला बीएसएल जवळची वाटते. मी इथे सामाजिक कामात आहे, आठवड्यातून एकदा तरी इंटरप्रिटरसोबत बसते.

मैत्रेयी_ठाणे

स्कॉटलंडवासी, पटलं. पूर्ण पदवी करायची असेल तर मीही ब्रिटनच सुचवीन. माझी अडचण वेळेची होती, डिप्लोमाच्या सुट्टीत बसेल असंच काहीतरी हवं होतं. शिवाय मला आख्खं विद्यापीठ डेफ लोकांचं असलेली जागा बघायची होती. पदवीच्या पातळीवर कला-विज्ञानापासून सगळं साइनमध्ये चालणारी अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

आणि आपलंही जुनं नातं आहे तिथे. मदन वशिष्ठ हे हिमाचलमधल्या खेड्यातले, लहानपणी ऐकू येणं गेलेलं, दिल्लीत फोटोग्राफी शिकलेले. ते १९६७ मध्ये गॅलॉडेटला गेले. पुढे जेम्स वुडवर्ड आणि इतरांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरु इथल्या डेफ लोकांच्या खुणा गोळा केल्या. शहरा-शहरांत शब्द थोडेफार बदलतात पण भाषा एकच आहे, हे त्या कामातून पुढे आलं. त्याआधी आपल्याकडचे शिक्षक 'भारतात साइन लँग्वेजच नाही, नुसते हातवारे आहेत' असं बिनदिक्कत सांगत असत. आज आपण ज्या भाषेचा डिप्लोमा करतोय, तिच्या अभ्यासाची एक वाट वॉशिंग्टनमधून येते.

निखिल_डेफ_पुणे

मी डेफ आहे. मराठी माझी दुसरी भाषा, लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

धागा चांगला आहे. पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ऐकू येणारे लोक परदेशी जातात, परत येतात, एएसएलच्या खुणा करतात. आम्हाला कळत नाही. मग ते म्हणतात, ही नवीन खूण आहे, शिका. का शिकायची? आमच्याकडे खूण आहे. एका कार्यक्रमात स्टेजवर इंटरप्रिटर उभी होती. अर्ध्या खुणा अमेरिकन. पुढच्या रांगेत आम्ही वीस-पंचवीस डेफ बसलेले. सगळे एकमेकांकडे बघत होतो, काय चाललंय? आयोजकांनी शेवटी तिला शाल-श्रीफळ दिलं. आम्हाला कोणी विचारलं नाही, समजलं का.

दुसरं. डेफ मुलं का जात नाहीत गॅलॉडेटला? ते विद्यापीठ आमच्यासाठी आहे. इंग्रजी कच्चं राहतं, कारण शाळेत आठ-दहा वर्षं फक्त 'प' म्हण, 'ब' म्हण करून घेतलं. हात वर केला की पट्टी. इटलीत मिलानला १८८० मध्ये ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला, साइन नको, तोंडाने बोला. त्याच दशकात मुंबईत माझगावला पहिली शाळा निघाली. मिलानची ती पट्टी आमच्यापर्यंत आली.

मैत्रेयी_ठाणे

निखिल, तुमचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. तुम्ही लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. म्हणूनच सुरुवातीलाच लिहिलं, आयएसएल पक्की असल्याशिवाय जाऊ नका. दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा, म्हणजे आयएसएलच्या सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा, शब्दकोश २०२१ पासून १०,००० शब्दांचा झालाय, तोही बघण्याआधी अमेरिकन खूण उचलणं हा निव्वळ आळस आहे. आणि कोशात नसेल तर डेफ माणसाला विचारावं. इंटरप्रिटरने भाषा बनवायची नसते.

दुसऱ्या मुद्द्यासाठी दोन गोष्टी, कोणाला उपयोग झाला तर. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, परदेशात मास्टर्स आणि पीएचडीसाठी. आणि गॅलॉडेटची वर्ल्ड डेफ लीडरशिप स्कॉलरशिप आहे, जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून, खास परदेशी डेफ विद्यार्थ्यांसाठी. तिथे इंग्रजी कच्चं असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्गही असतात. अर्ज भरायला कोणाला मदत हवी असेल तर मी बसेन, विपू करा.

काळाकोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे. आमच्याकडे साक्षीदार डेफ असेल तर जवळच्या शाळेतल्या बाईंना बोलावतात. त्या येतात बिचाऱ्या, शाळा सोडून, कित्येकदा पदरचं भाडं खर्चून. पण साक्षीदार खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी असेल तर बाईंनाही काही कळत नाही. तिच्या खुणा घरच्या, आईला कळतात तेवढ्याच. आणि आईला दुभाषी म्हणून उभं करता येत नाही, कारण तीच कधी फिर्यादी असते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये दुभाषी आणि विशेष शिक्षक यांची तरतूद २०१२ पासून आहे. माणसं कुठून आणायची? अमेरिकेत अशा वेळी काय करतात?

मैत्रेयी_ठाणे

काळाकोट, तुमचा प्रश्न वाचून थांबले. याचंच उत्तर मला तिथून सगळ्यात जास्त घ्यावंसं वाटलं.

तिकडे अशा वेळी डेफ इंटरप्रिटर बोलावतात. म्हणजे दुभाषी स्वतःच डेफ. ऐकू येणारा इंटरप्रिटर वकिलाचा प्रश्न एएसएलमध्ये सांगतो, डेफ इंटरप्रिटर तो साक्षीदाराला कळेल अशा रीतीने पोचवतो. अभिनय करून, चित्र काढून, वस्तू हातात घेऊन, खोलीतल्या माणसांकडे बोट दाखवून. उत्तर उलट्या वाटेने परत येतं. जन्मापासून डोळ्यांनी जगलेला माणूस दुसऱ्या डेफ माणसाच्या घरगुती खुणा ज्या वेगाने पकडतो, तो वेग ऐकू येणाऱ्याला आयुष्यभर शिकूनही येत नाही.

मी याचा सराव पाहिला. प्रश्न होता, 'ही घटना सणाच्या आधी घडली की नंतर?' साक्षीदार झालेल्या माणसाला 'आधी-नंतर' कळतच नव्हतं. डेफ इंटरप्रिटरने टेबलावर तीन ग्लास रांगेत मांडले. मधल्या ग्लासाला सणाची जेवणं, दिवे, नवे कपडे असं सगळं चिकटवलं, म्हणजे अभिनयाने. मग घटनेची खूण हातात धरल्यासारखी करून ती एकेका ग्लासासमोर नेली आणि भुवया वर केल्या. साक्षीदाराने पहिला ग्लास पुढे ढकलला. न्यायाधीश झालेल्या प्राध्यापकांनी विचारलं, यात दुभाष्याने उत्तर सुचवलं का? त्यावर तासभर चर्चा झाली. प्रत्येक ग्लासासमोर चेहरा तसाच राहिला का, थांबा सारखाच होता का, हे सगळं व्हिडिओवर परत परत बघून तपासलं.

हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे. महाराष्ट्रात हुशार, साइन उत्तम असलेले डेफ तरुण कितीतरी आहेत आणि नोकरी नाही म्हणून बसलेले आहेत. त्यांना कोर्टाचं प्रशिक्षण द्या आणि त्यांच्या जोडीला एक डिसलीवाला द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या डेफ वकील इंटरप्रिटरच्या मदतीने उभ्या राहिल्या, सगळ्या पेपरांत आलं. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार डेफ असणं हे त्याहून कितीतरी नेहमीचं आहे, त्याची बातमी होत नाही.

काळाकोट

ग्लासांचं उदाहरण मी आमच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या बैठकीत सांगणार आहे. जबाबाचं चित्रीकरण कायद्यात आहेच, म्हणजे नंतर तपासताही येईल. धन्यवाद.

आईचीलेक

माझी मुलगी बारावीनंतर हेच करायचं म्हणतेय. आमच्या घरात कोणीच डेफ नाही, त्यामुळे आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. परदेशाचा विचार नंतर, पण यात पोट भरतं का? आणि तुम्ही तिथे खाणं-राहणं, कपडे वगैरे कसं केलंत?

मैत्रेयी_ठाणे

आईचीलेक, मुलीला आधी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत डिसलीची चौकशी करू द्या. बारावीनंतर प्रवेश मिळतो. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून जास्त लोक नोंदले गेले, आणि प्रशिक्षित इंटरप्रिटर फार थोडे. काम भरपूर आहे. पैसा अजून बेभरवशाचा आहे, हे खोटं कशाला सांगू. कॉलेजं, दवाखाने इंटरप्रिटरकडे सेवाभावी पाहुणा म्हणून बघतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने दवाखान्याला इंटरप्रिटरचा खर्च स्वतः करावा लागतो, पेशंटकडून घेता येत नाही. फोनवरच्या व्हिडिओ इंटरप्रिटिंगचा खर्चही डेफ माणसाला पडत नाही, टेलिफोन कंपन्यांकडून जमणाऱ्या निधीतून जातो. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात साइन लँग्वेजचा उल्लेख आहे. बिल कोणाच्या नावाने फाडायचं, यावर मात्र दर वेळी नव्याने वाद घालावा लागतो.

आणखी एक बघा. तिथे तासाभराहून लांब व्याख्यान असेल तर दोन इंटरप्रिटर असतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी हात बदलतात. ज्याची पाळी नाही तोही मोकळा नसतो. निसटलेला आकडा, नाव तो दुसऱ्याला पुरवतो. आपल्याकडे एकटीला दिवसभर उभं करतात. दुपारनंतर मेंदू शब्द गाळायला लागतो, आणि डेफ श्रोत्यांना कळतही नाही की काय गळलं. मुलीला सांगा, एकटीने दिवसभराचं काम घ्यायचं नाही.

कपडे: साधे, एका रंगाचे, आपल्या कातडीपेक्षा वेगळ्या छटेचे. सावळ्या हाताला फिकट रंग बरा दिसतो. बांगड्या, चमकणारी अंगठी, रंगीत नखं नकोत. हातांवर तास-तास नजर ठेवणाऱ्याला त्याचा त्रास होतो. मंगळसूत्र गळाबंद कुर्त्याच्या आत.

खाणं: शाकाहारी मिळतं, काळजी नको. आवाराजवळ एच स्ट्रीटवर स्टारबक्सचं साइनिंग स्टोअर आहे, २०१८ पासून. तिथे कामाला डेफ लोक आहेत. पहिल्या आठवड्यात तिथे जाऊन बसा, लोक ऑर्डर कशी देतात ते बघा. मेट्रोचं स्टेशन नोमा-गॅलॉडेट, रेड लाइनवर. व्हिसा कोणता लागेल ते वर्गाच्या तासांवर ठरतं, म्हणून एजंटला न विचारता विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला ईमेल करा.

बोस्टनकर

मॅसेच्युसेट्सला आलात तर मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एक फेरी मारा. चिलमार्क गावात आनुवंशिक बहिरेपण इतकं होतं की ऐकू येणारेही सगळे साइन करायचे, बोटीवर, दुकानात, चर्चमध्ये. तिथली मुलं हार्टफर्डच्या शाळेत गेली आणि त्यांच्या खुणा एएसएलमध्ये मिसळल्या असं मानतात. शेवटची डेफ व्यक्ती १९५२ च्या सुमारास गेली. आता बघण्यासारखं फार नाही, पण एका गावाला इंटरप्रिटरची गरजच नव्हती, हे तिथे उभं राहून आठवावंसं वाटतं.

निखिल_डेफ_पुणे

बोस्टनकर, हे माहीत नव्हतं. वाचणार.

काळाकोट मॅडम, पुण्यात आम्ही चार-पाच डेफ मित्र आहोत, कोर्टाचं काम शिकायची तयारी आहे. बैठकीत आमच्याबद्दल सांगा. पण एक अट. प्रशिक्षण आयएसएलमध्ये द्या, आणि पहिल्या दिवसापासून इंटरप्रिटर ठेवा. दोन. मैत्रेयी मॅडमनी लिहिलं तसं.

आईचीलेक, तुमच्या मुलीला रविवारी डेफ क्लबमध्ये पाठवा. पुस्तक नको, मोबाइल नको. आमच्याबरोबर चहा प्यायचा, कॅरम खेळायचा. सहा महिने. मग डिप्लोमाचा फॉर्म भरा.

मैत्रेयी_ठाणे

निखिल, दोन इंटरप्रिटरपैकी एक मी. दुसरीला आजच विचारते. काळाकोट, बैठकीची तारीख कळली की इथेच टाका.